गाडी छोटी, संध्याकाळ मोठी

भोर, 1978

1978 सालच्या भोरमध्ये तुम्ही पुरेसे पैसे खिशात घेऊन उतरला आहात, आणि तरीही तुम्हाला स्कूटर मिळणार नाही.

या सालात तुम्ही प्राथमिक शाळेचे गुरुजी आहात. बिऱ्हाड भोरात, नेमणूक वेल्ह्याच्या खोऱ्यात. नकाशावर दोन्ही गावं एकमेकांच्या शेजारी दिसतात, पण मधे डोंगर उभे आहेत. म्हणून एसटी आधी कापूरहोळला येऊन हमरस्त्याला लागते, नसरापूरला पुन्हा आत वळते आणि मार्गासनी, विंझर करत तोरण्याच्या पायथ्याशी पोचते. सोमवारी पहाटे निघायचं, आठवडाभर शाळेच्या गावी एका खोलीत स्टोव्हवर भात टाकायचा आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की पळत जाऊन गाडी धरायची. ती चुकली की पुढची कधी, हे कंडक्टरलाही नक्की सांगता येत नाही.

खोऱ्यात घड्याळं थोडी आहेत, पण मुक्कामाची एसटी सगळ्यांना ठाऊक आहे. ती दिवेलागणीला येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. दवाखाना, तलाठी, बाजार, लग्न, मयत, सगळं या दोन वेळांच्या मधे बसवायचं. त्यात बसलं नाही तर पाहुण्याकडे वस्ती करायची, नाहीतर चालत निघायचं.

आजच्या काळातून गेलेले असल्यामुळे तुम्हाला उपाय सोपा वाटतो. पुण्याला जायचं, पैसे मोजायचे, किल्ली घ्यायची. पुण्यातल्या दुकानात कारकून तुमचं सगळं नीट ऐकून घेतो आणि जाडजूड रजिस्टर पुढे ओढतो. इथे स्कूटर विकत नाहीत, नंबर लावून घेतात. स्कूटरचं वाटप 1960 पासून सरकारी नियंत्रण आदेशाखाली आलेलं आहे. पोस्टात बचत खातं उघडायचं, त्यात अनामत ठेवायची, ते खातं डीलरच्या नावे तारण द्यायचं आणि घरी जाऊन वाट बघायची. किती? कारकून खांदे उडवतो. ‘बजाज’ हवी असेल तर वर्षं मोजायची. दहा वर्षं थांबलेली माणसं आहेत.

नंबर लवकर यावा असं वाटत असेल तर सरकारी कोट्यात बसावं लागतं, किंवा परदेशातल्या नातेवाइकानं परकी चलनात पैसे भरावे लागतात. तुमचा एकही चुलतभाऊ आखातात नाही. जे आहेत ते मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. त्यांची मनीऑर्डर रुपयांत येते.

इतकी टंचाई का, हे समजून घ्यायला आकुर्डीपर्यंत जायची गरज नाही. 1960 साली तिथे बजाज ऑटोच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं, इटलीच्या पियाज्जोशी करार करून व्हेस्पा बनू लागली, आणि कंपनीचं एक लाखावं वाहन बाहेर पडायला 1970 साल उजाडलं. 1971 मध्ये तो करार संपला, 1972 मध्ये ‘चेतक’ आली, 1976 मध्ये ‘सुपर’ आली. 1977 च्या सुमाराला एकाच वर्षात लाखभर वाहनं विकली जाऊ लागली, तरी रांग हलायला तयार नव्हती. कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या हे गिऱ्हाइकं ठरवत नव्हती, दिल्लीचा परवाना ठरवत होता. परवान्यापेक्षा जास्त माल बनवल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं तरी चालेल, असं राहुल बजाज उघडपणे म्हणत. राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाबरोबर भागीदारी करून साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली, तिथून ‘प्रिया’ निघते. ती तुमच्या कापूरहोळवरूनच पुण्याकडे जाते आणि तुम्ही एसटीच्या खिडकीतून तिच्याकडे बघता.

मग वापरलेली घ्यावी? इथे तुमचं आजचं गणित उलटं पडतं. चार वर्षं पळालेली, रंग उडालेली चेतक नव्या गाडीपेक्षा महाग आहे. नव्या गाडीची किंमत कागदावरची, जुनीची किंमत आत्ता हातात मिळण्याची. वरचे पैसे द्यायची तयारी असेल तर गाडी उद्या दारात.

एक वाट उरते. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं, म्हणजे फिरोदियांनी, 1972 साली ‘लुना’ आणली तेव्हा तिची किंमत दोन हजारांच्या आसपास होती. पियाज्जोच्या ‘चाओ’ या मोपेडवर बेतलेली, 50 सीसीची, पायडल मारून चालू होणारी. भोरच्या सपाट रस्त्यावर ती छान पळते. वेल्ह्याच्या चढावर मात्र इंजिनाला तुमच्या पायांची मदत लागते, आणि मागे माणूस बसवायचा तर विचार करावा लागतो. तुम्ही चेतकला नंबर लावता. खोऱ्यात परत जाताना पासबुक शर्टाच्या आतल्या खिशात, आणि मुक्कामाची गाडी अर्धा तास उशिरा.

पुणे ते नसरापूर, 1987

नऊ वर्षं पुढे या. तुमचा नंबर अजून आलेला नाही.

पण दुकानांच्या काचेमागचा देखावा बदललाय. होसूरची टीव्हीएस 50 ही दोघांना घेणारी मोपेड 1980 पासून आहे. 1984 पासून बिनगिअरची, बटण दाबून चालू होणारी कायनेटिक होंडा शहरात मिरवते आहे. बजाजचा दुसरा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजला 1985 मध्ये सुरू झाला. आणि 1986 मध्ये आली एम-80. आधीच्या एम-50 ची मोठी बहीण. ती स्कूटर नाही, धड मोटारसायकलही नाही. शहरातली पोरं तिला नाकं मुरडतात. तुम्ही मात्र तिच्याभोवती दोनदा फिरता.

काय बघायचं ते तुम्हाला इतक्या वर्षांच्या एसटी प्रवासानं शिकवलेलं आहे. चेतकची चाकं दहा इंची. ती डांबरावर डौलात जाते, पण मार्गासनीच्या पुढच्या खड्ड्यात तिचं पुढचं चाक पूर्ण बसतं. एम-80 ची चाकं बरीच मोठी. चेतकचं अंग पत्र्याचं, वजनदार. चिखलात आडवी झाली तर उचलायला दोन माणसं लागतात. ही तुम्ही एकट्यानं उभी करू शकता. इंजिन जेमतेम 75 सीसीचं, चेतकच्या निम्मं, पण डाव्या मुठीत गिअर आहेत, म्हणजे चढाला खालचा गिअर टाकून रडतखडत का होईना वर जाता येतं. मागे कॅरिअर. त्याला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या टांगता येतात, हे पश्चिम महाराष्ट्राला कळायला वर्षही लागलेलं नाही.

पैसे तीन ठिकाणांहून येतात: शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज, त्याला दोन सहकाऱ्यांचा जामीन, आणि घरातली एक पाटली. पाटलीबद्दल घरी फारसं बोलणं होत नाही. ‘पुढच्या दिवाळीला करून घेऊ’ एवढंच तुम्ही म्हणता, आणि पुढची दिवाळी कर्जाच्या हप्त्यांतच जाणार हे दोघांनाही माहीत असतं.

पाडव्याला गाडी ताब्यात येते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. एमएच-12 हा पुण्याचा नंबर यायला अजून दोनेक वर्षं आहेत. तुमच्या पाटीवर जुन्या पद्धतीची तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जातील. दुकानातला मेकॅनिक कामाचं सांगतो ते कागदावर लिहून घ्या, कारण माहितीपुस्तक इंग्रजीत आहे.

“गुरुजी, पेट्रोल नुसतं टाकायचं नाही. ऑइल मारूनच घ्यायचं. विसरलात तर इंजिन जाम.”

तुमच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नाही. पेट्रोलबरोबर जे ऑइल आत जातं त्यावरच पिस्टन जगतो. कमी पडलं तर पिस्टन घासतो, जास्त झालं तर मागे निळा धूर आणि प्लगवर काजळी. पंपावर माणूस मापानं ऑइल ओततो आणि तुम्ही गाडी हलवून ते मिसळता. सुरुवातीची काही शे किलोमीटर गाडी पिळायची नाही, हेही तो बजावतो.

मग कात्रजचा घाट. हमरस्ता अजून जुन्या बोगद्यातूनच जातो. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये तुम्ही चढता, धूर खाता, बोगद्याच्या अंधारात दिवा लावता. पलीकडे उतार लागतो आणि तुम्ही हौसेनं मूठ पूर्ण सोडून देता. सोडू नका. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र चाकांच्या जोरावर गरगरत असतं. जुने स्वार उतारावर मधूनमधून मूठ हलकेच पिळतात, ती ऐट म्हणून नव्हे.

शिवापूर मागे पडतं. चेलाडी फाट्यावर हमरस्ता सोडून नसरापूरला वळता, तेव्हा आधी बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं हे देऊळ झाडीत बसलेलं आहे, आणि नवी गाडी घेऊन इथे थांबणारे तुम्ही एकटे नाही. पुजारी हँडलला कुंकू लावतो. तुम्ही फूल मडगार्डावर ठेवता, ते पहिल्या खड्ड्यातच उडतं.

वेल्हे, 1987 चा पावसाळा

गावात तुमच्या आधी गाडीचा आवाज पोचतो. पोरं मागे धावतात. पारावरचा म्हातारा विचारतो, “गुरजी, गाडी घेतली व्हय? आता यष्टीची वाट बघायला नको.”

या वाक्याचा अर्थ तुम्हाला जूनमध्ये लागतो.

वेल्ह्याचा पाऊस पुण्याच्या पावसासारखा येत-जात नाही, तो मुक्कामाला येतो. भातखाचरांत चिखलणी सुरू होते, तोरणा आठ-आठ दिवस ढगातून बाहेर येत नाही, ओढ्यांवरच्या फरशी पुलांवरून पाणी जायला लागतं. गाडी कशी वापरायची हे तुम्ही आता नव्यानं शिकता. फरशीवर पाणी किती आहे ते आधी चालत जाऊन बघायचं. सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ द्यायचं नसेल तर मूठ थोडी पिळलेली ठेवायची, गिअर खालचा, आणि मधे थांबायचं नाही. तरी गाडी बंद पडणारच. डिकीत प्लग पाना, पॉलिश पेपर, कोरडं फडकं, एक जादा प्लग आणि एक क्लच केबल ठेवायची. प्लग काढून पुसायचा, टोकाची काजळी घासायची, पुन्हा बसवायचा, किक मारायची. नसरापूर सोडल्यावर पंपाचा भरवसा धरायचा नाही, म्हणून ऑइल घातलेल्या पेट्रोलची एक बाटली घरात चुलीपासून लांब.

रात्रीची गंमत वेगळी. गाडीचा दिवा थेट मॅग्नेटोवर चालतो. इंजिन जोरात तर उजेड जोरात, इंजिन मंद तर उजेड मंद. म्हणजे रस्ता सरळ आणि ओळखीचा असतो तिथे लख्ख दिसतं, आणि अवघड वळणावर तुम्ही वेग कमी करता नेमकं तेव्हा समोर काजव्याएवढा पिवळा ठिपका उरतो. वळणावर क्लच दाबून मूठ पिळायची, उजेड पाडून घ्यायचा, मग पुढे. हेही तुम्हाला कोणी शिकवत नाही, पहिला खड्डा शिकवतो.

आणि तरीही याच अंधारात तुम्ही या गाडीची किंमत वसूल करता. शनिवारी दुपारची एसटी चुकली म्हणून आता काही बिघडत नाही. भोरात लग्न असलं तर पंगत उठेपर्यंत थांबता येतं. सप्त्यातलं कीर्तन संपेपर्यंत बसून, भारुड ऐकून, रात्री दहाला निघून घरी येता येतं. गावातल्या बाईला वेळेआधीच कळा येतात, तेव्हा मुक्कामाची गाडी पहाटेशिवाय हलणार नसते. तुम्ही मागच्या सीटवर तिच्या सासूला बसवून नर्सबाईंना आणायला जाता आणि नर्सबाईंना आणून पुन्हा सासूला आणायला जाता, कारण तिघांना घेऊन ही गाडी तो चढ चढत नाही.

गाडी तुमची एकट्याची राहत नाही. सकाळी शाळेकडे जाताना कोणाची दुधाची किटली डेअरीच्या संकलनापर्यंत, परतताना कोणाचं औषध, कोणाचं रेशन, मुंबईहून आलेला पाहुणा फाट्यापासून घरापर्यंत. पेट्रोलचे पैसे कोणी देत नाही. भात झोडला की मात्र एकेक पायली आंबेमोहोर दारात येतो. तुम्ही नको म्हणता, आणि ते ठेवून जातात.

चेतकचा नंबर याच सुमाराला लागल्याचं पत्र येतं. तुम्ही ते वाचून पासबुकात ठेवता.

नसरापूर, 2001

आणखी चौदा वर्षं पुढे. आता तुम्ही आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई आहात, घर नसरापुरात, आणि खोऱ्यातल्या वाड्यावस्त्या तुमच्या वाट्याला आलेल्या आहेत.

रांगेचा मागमूस नाही. 1991 नंतर परवान्यांचं जग ढासळलं, आणि आता दुकानदारच तुमच्या मागे आहे. बँका कर्ज घेऊन दारात उभ्या. स्कूटरलाच मोटारसायकलनं मागे टाकलंय. ज्या चेतकसाठी एक पिढी थांबली ती आता दुकानात निवांत उभी असते आणि काही वर्षांत तिचं उत्पादनच बंद होणार आहे. तुमच्या आधीच्या जन्मातली एम-80 अजून पळते आहे, पण दुधवाल्याकडे.

तुम्ही बिनगिअरची गाडी बघायला आलात. टीव्हीएसची स्कूटी नव्वदच्या दशकापासून मुली चालवतात, आणि याच वर्षी होंडानं अ‍ॅक्टिव्हा आणलीय. विक्रेता मायलेज सांगतो, रंग दाखवतो. तुमचे प्रश्न वेगळे आहेत. साडी नेसून बसता येतं का? पुढे लसींचा थंड डबा पाय न आखडता ठेवता येतो का? चढावर थांबून पुन्हा निघताना मागे घसरते का? गिअर आणि क्लच नाहीत म्हणजे उतारावर इंजिनाचा आवर कमी, सगळा भार ब्रेकवर. मग पावसात ब्रेक किती धरतो? आणि बिघडली तर नसरापुरातला मिस्त्री खोलेल की पुण्याला न्यावी लागेल?

शेवटच्या प्रश्नावर विक्रेता गडबडतो. तोच खरा प्रश्न आहे. छोट्या गाडीची स्वस्ताई दुकानात ठरत नाही. चाळीस किलोमीटरवरच्या मेकॅनिकपर्यंत टेम्पोत घालून न्यायला लागली की पहिल्या वर्षातच ती महाग होते.

कर्ज तुमच्या नावावर, गाडी तुमच्या नावावर. घरात यापूर्वी कुठलाही कागद तुमच्या एकटीच्या नावावर झाला नव्हता. पहिल्या आठवड्यात धाकटा दीर किल्ली मागतो, दुसऱ्या आठवड्यात सासरे म्हणतात अंधाराच्या आत घरी ये. किल्ली तुम्ही देत नाही. अंधाराचं मात्र तुमच्या हातात नसतं. बाळंतपणं सांगून येत नाहीत. महिनाभरात सासरे अंगणातला दिवा चालू ठेवून झोपायला लागतात.

वेल्हे, आज

आता स्वतःच्या काळात या. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालंय, शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि खोऱ्यातली पोरं नोकरीसाठी शिरवळ-खेड शिवापूरच्या कारखान्यांत दुचाकीवर ये-जा करतात. बहुतेकांची ती पहिलीच गाडी.

तुमचीही पहिलीच आहे. फोनवर सगळ्या किमती आहेत, हप्ता किती पडेल तेही लगेच दिसतं. जुनी नावं नव्या अंगानं परतली आहेत: चेतक 2020 पासून विजेवर, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कायनेटिक ग्रीनची ई-लुना, तेव्हा सत्तर हजारांच्या आतबाहेर. ऑइल मारायला नको, प्लग पुसायला नको. उतारावर मूठ सोडली तर इंजिन घासण्याची भीती नाही. काही विजेच्या गाड्या तर उतारावर थोडी वीज परत बॅटरीत भरतात. दिवा वळणावर मंद होत नाही. 1987 च्या गुरुजींनी हे ऐकलं असतं तर तुम्हाला थापाडे म्हटलं असतं.

पण गुरुजींचा आणि नर्सबाईंचा अनुभव अंगावरून गेलेला आहे, तो फुकट घालवू नका. कंपनी सांगते ते अंतर सपाट रस्त्यावरचं आणि हलक्या वजनाचं असतं. पाबे घाट चढताना, मागे माणूस आणि पुढे तांदळाचं पोतं असताना बॅटरी भराभर उतरते. पावसाळ्यात वीज रात्र-रात्र जाते, तेव्हा चार्जिंग कुठे करणार ते आधी ठरवा. बॅटरी काढून घरात नेता येते का, ते विचारा. पेट्रोलची घेणार असाल तर जवळचा मिस्त्री कोणती गाडी खोलतो ते बघा. गावात आधीपासून पळणारी गाडी घ्या. सुटे भाग आणि सल्ला दोन्ही पारावर मिळतील. विमा, हेल्मेट आणि रेनकोट यांचे पैसे किमतीतच धरा, नंतर उरतील या आशेवर ठेवू नका.

आणि हप्ता ठरवताना एक हिशेब पगाराच्या बाहेरचा करा. ही गाडी महिन्यात किती संध्याकाळी तुमच्या हातात देणार आहे? 1978 मध्ये पैसे होते आणि संध्याकाळ नव्हती. 1987 मध्ये 75 सीसीच्या इंजिनानं ती दिली, 2001 मध्ये एका बाईच्या नावावरच्या किल्लीनं दिली. गाडी मोठी होती म्हणून नव्हे, वेळेवर हाताशी होती म्हणून. त्यामुळे दुकानात मायलेजच्या आधी एवढंच विचारा: शेवटची एसटी निघून गेल्यावर, जुलैच्या पावसात, मागे एक माणूस बसवून ही मला माझ्या वाडीच्या चढावर नेईल का? विक्रेता हो म्हणाला तरी थांबू नका. शेजाऱ्याची तीच गाडी एका रात्री मागून घ्या, मागे खरोखर माणूस बसवा, चढ चढून बघा, आणि मग सही करा.